आमचं जर्मन

फलटणहून लोणंदला निघालेल्या एसटीत एक वयस्कर माणूस माझ्या शेजारी टेकला आणि ओळख ना पाळख, म्हणाला, "आज आमचं जर्मन सुरू हुतंय!"

मला वाटलं, ह्या वयात गडी परदेशी भाषा शिकतोय की काय! तोवर त्यानं खिडकीच्या चौकटीवर टिचकी मारली. "ह्ये जर्मन." मग पुढच्या मावशींच्या डब्यावर. "ह्ये बी जर्मन. आवं मावशी, डबा लय चांगला हाय, मोडीत घालू नका." ॲल्युमिनियमला आमच्याकडं जर्मन म्हणतात, हे मीच विसरलो होतो.

लोणंदच्या अलीकडं ॲल्युमिनियमचं भंगार वितळवणारा कारखाना आहे. वर्षभर बंद असलेली त्याची भट्टी आज पेटणार होती आणि हा तिथला जुना कामगार. "भट्टी इझली, तवा टेम्पो थांबले, खानावळ थांबली, गेटासमोरची आमच्या मंडळींची च्याची टपरी बी."

एवढं ऐकून अख्खी एसटी खिडकीतून कारखान्याची चिमणी शोधायला लागली. धुराची अशी वाट मी जन्मात पाहिली नव्हती.

"दिसला!" मावशीच ओरडल्या.

त्यानं फोन लावला. "अगं, निघाला धूर! टपरी उघड, आन् दूध दुप्पट घे!"