आईसाठी म्हणून घेतलेली गाडी

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा माझ्या भावानं सगळ्या भावकीत एकच वाक्य फिरवलं, "आईसाठी घेतोय." हा माझ्याहून धाकटा. स्वतःच्या हौसेला आईचं नाव द्यायची त्याची सवय जुनी आहे. घरावर मजला चढवला तोही आईसाठीच, आणि आई अजून त्या जिन्याकडे फिरकलेली नाही. भिंतभर टीव्ही आणला तोही आईसाठी. त्याच्यावर क्रिकेट सोडून दुसरं काही लागलेलं मी तरी पाहिलं नाही.

पण या खेपेला मी गप्प बसले, कारण आईला खरोखरच गाडी हवी होती. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. करमाडजवळच्या आमच्या गावात ती घर आणि ओटा एवढंच फिरते. तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, पडेगावला लेकाकडे असते आणि ती खाटेवरून उठत नाही. मध्ये अख्खं शहर पडलेलं. फोन लावावा तर मावशीला ऐकू येत नाही. आई घसा फाडून ओरडते आणि पलीकडून येतं, "कोण? कोण बोलतंय?" फोन बंद केल्यावरही आई तो तसाच हातात धरून बसते. तिला एकदा जाऊन बहिणीच्या खाटेवर बसायचं होतं, तिचा हात हातात घ्यायचा होता. बाकी कसली अपेक्षा नव्हती.

मी दहादा म्हटलं, रिक्षा करून नेते. रिक्षा बुटकी असते, आईला जमते. पण भावाला ते खपत नव्हतं. एवढी जमीन, एवढं घर, आणि आई खडखड रिक्षात बसून पडेगावला जाणार? "थांब ना ताई, आपली गाडी येतेय." असं करत करत त्यानं तिला दोन वर्षं थांबवलं. म्हाताऱ्या माणसाला दोन वर्षं थांब म्हणायला जीभ कशी रेटते, कोण जाणे.

शोरूमला जायच्या आदल्या दिवशी भावानं फार मोठेपणानं आईला विचारलं, "तुला गाडीत काय काय पायजे, सांग."

आई म्हणाली, "मला काय पायजे बाबा? चढायला एक पायरी असावी आन धरायला कायतरी. मागं एकदा जीपमधून पडले तवापासून लई भ्या वाटतं."

एवढंच. हे सगळ्यांच्या समोर झालं. आमच्या काकांच्या समोरही झालं, हे मी मुद्दाम सांगते.

हे काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांनी उभं आयुष्य बैल घेण्या-विकण्यात घालवलं. छावणीच्या बैलबाजारात त्यांचा दबदबा होता म्हणे. आता बैल राहिले नाहीत, पण दबदबा कुठंतरी वापरावा लागतो. त्यामुळे आमच्या घरात फ्रिज घ्यायचा असो की मुलगी बघायची असो, बोलणी काका करतात. गाडीचा सौदाही तेच करणार, हे कुणी न ठरवता ठरलं. स्वतः काकांना सायकलसुद्धा धड चालवता येत नाही.

निघताना त्यांनी आम्हाला, म्हणजे भाऊ, भावजय आणि मी अशा तिघांना धडा दिला. "ध्यानात ठिवा. जे पायजे त्याच्याकडं बघायचंच नाय. त्याला नावं ठिवायची. समोरच्याला कळलं का आपला जीव त्या बैलात गुतलाय, मग खेळ संपला. पायरीचं नाव कोणी काढायचं नाय. ती बरोबर फुकटात आणतो मी."

मी म्हटलं, "काका, ती गाडी आहे, खोंड नाही. हवं ते सरळ मागायचं असतं तिथं."

"तू हापिसातली बाई. बाजारातलं तुला काय कळतंय?" भाऊ हसला. त्याला काकांचं हे सगळं फार भारी वाटतं.

जालना रोडवरचं ते शोरूम म्हणजे नुसती काच. दारातच एका मुलीनं आमच्या कपाळाला गंध लावलं, कागदी पेल्यातून कडू कॉफी दिली, आणि टाय लावलेला एक सेल्समन भावाला 'सर, सर' करत गाडीभोवती फिरवू लागला. प्रत्येक 'सर'ला भावाच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं. काका मात्र वेगळ्याच कामाला लागले. त्यांनी टायरला लाथ मारली. बॉनेटवर थाप मारून कान लावला. चार पावलं मागं सरून गाडी निरखली आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "मागून बसल्यावानी दिसती."

"सर, तो डिझाइनचा भाग आहे," सेल्समन म्हणाला.

"आन तोंड लई मोठं हाय. खायाला लई लागत आसंल."

सेल्समननं मायलेज सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात काकांनी त्याचा उजवा हात धरला, त्याच्यावर खांद्यावरचा टॉवेल टाकला आणि टॉवेलाखाली त्याची बोटं दाबू लागले. बैलाच्या बाजारात भाव असा होतो, चारचौघांना कळू न देता, बोटांवर. त्या बिचाऱ्याला काय माहीत? तो कावराबावरा होऊन माझ्याकडं बघायला लागला. म्हातारबाबांना चक्कर आली असावी असं समजून त्यानं खुर्ची मागवली. काका खुर्चीवर बसले, पण हात सोडला नाही. शेजारच्या गाडीपाशी एक नवराबायको आले होते, ते आपली चौकशी सोडून हेच बघत उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मी तेवढ्या वेळात गाडीचं मागचं दार उघडून पाय ठेवून बघितला. तळ माझ्याच गुडघ्यापर्यंत येत होता. आईची काय कथा.

मग ॲक्सेसरीजची खोली. तिथं माझ्या घरच्यांची खरी लायकी दिसली. भावजयीला पांढऱ्याफेक सीट कव्हरचा ध्यास. शेतावर जाणारी गाडी, काळ्या मातीचे पाय, आणि कव्हर पांढरं! भावाला सगळीकडं क्रोम हवं होतं. हँडलला क्रोम, आरशाला क्रोम, मागं क्रोमची पट्टी. पायाखाली पेटणारा निळा दिवा हवा होता. दार उघडलं की रस्त्यावर गाडीच्या नावाचा उजेड पडतो, तोही दिवा हवा होता. आमच्या गावात त्या उजेडात शेण दिसणार, दुसरं काय? चार प्रकारचे हॉर्न वाजवून झाले. पाचव्याला भाऊ म्हणाला, "हां, हा कसा घुमतो बघ!"

आणि मग त्या सेल्समननं आपण होऊन, कुणी न विचारता, भिंतीवरची फूटस्टेप, म्हणजे दाराखाली बसवायची पायरी, दाखवली. "सर, घरात वयस्कर माणसं असतील तर ही नक्की घ्या. आतून धरायला हँडलही बसवून देतो. ठरावीक रकमेच्या वस्तू फुकट देतोय, त्या स्कीममध्ये ही बसेल."

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. काकांनी कोपर मारलं. चांगलं जोरात.

"ह्ये कशाला?" काका म्हणाले. "आमच्यात कोण लंगडं हाय का? पायरी लावायला ही गाडी हाय का माडी? काढा ते."

काकांचा हिशेब असा, की व्यापारी आता गळ घालील, नको म्हणता म्हणता दोनदा-तीनदा गळ्यात मारायला येईल, आणि मग आपण उपकार केल्यासारखं फुकटात घ्यायचं. बाजारात असंच होतं. पण हा पोरगा बाजारातला नव्हता. त्याला गिऱ्हाइकानं नको म्हटलेलं म्हणजे नको, एवढंच कळत होतं. त्यानं "ठीक आहे सर" म्हणून ती स्टेप वगळली आणि तिच्याऐवजी भावाला ते क्रोम आणि जमिनीवर उजेड पाडणारा दिवा देऊन टाकला. भाऊ खूश. काका दहा मिनिटं वाट बघत राहिले. मग इकडून तिकडून आणखी चार वस्तू पदरात पडल्यावर त्यांना राहवलं नाही, आणि त्यांनी सेल्समनच्या तळहातावर टाळी दिली. सौदा मिटला.

मी तिथंच म्हटलं, "आणि पायरी?"

काकांचा चेहरा एका क्षणात उतरला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पण कबूल करतील तर ते काका कसले! "टाळी झाल्यावर काय मागायचं नसतं," ते म्हणाले. "त्याला वाटंल गावंढळं आलेत."

मी सेल्समनला सरळ विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, सरांनी नको म्हटलं ना? आता वेगळी मागवावी लागेल, थोडा वेळ लागेल. गाडी ज्यांच्या नावावर आहे त्या सरांनी सही केली तर लगेच ऑर्डर टाकतो." बाहेरून बसवली तर वॉरंटी जाईल, हेही त्यानं सांगितलं. मी म्हटलं, टाक ऑर्डर, पैसे मी देते. तर भाऊ मला बाजूला घेऊन गेला.

"ताई, काकांचा शब्द जाईल. आणि माझ्या गाडीला तू पैसे देणार? लोकांत शोभतं का ते? पहिल्या सर्व्हिसिंगला बसवू."

"आई चढणार कशी?"

"आम्ही एवढी माणसं आहोत ना! उचलून बसवू."

उचलून बसवू म्हणे. आई काय सोयाबीनचं पोतं आहे? मी त्याला हेच विचारलं. तर तो पायाखालचा निळा दिवा चालू-बंद करून बघायला गेला.

गाडी मिळायच्या आदल्या दिवशी आईला रिक्षानं शहरात माझ्या घरी आणलं. "ही शेवटची रिक्षा बरं का आई," भाऊ म्हणाला. शोरूममधून नव्या गाडीनं थेट पडेगावला जायचं ठरलं होतं. आईनं मला गुलमंडीत पाठवून बहिणीसाठी मऊ सुती लुगडं आणवलं. रंग फोनवर विचारायची सोय नव्हती, म्हणून मला तीन दुकानं फिरायला लावली. सकाळी मी उठले तेव्हा ती न्हाऊन, तयार होऊन, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

शोरूममध्ये गाडीवर लाल कापड, फुगे, पुठ्ठ्याची हातभर किल्ली. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. काकांनी जाहीर केलं, "पयल्यांदा वहिनी बसतील." सगळ्यांनी मोबाइल वर धरले.

आईनं दाराला हात लावला आणि पाय उचलला. तो तळाच्या निम्म्या उंचीपर्यंतही गेला नाही. भावानं मागून काखेत हात घातले. काका आत चढून तिचा दंड ओढायला लागले. काकांनी त्यांच्या आयुष्यात एवढं काही ओढलं असेल तर ते चिखलात बसलेलं जनावर. आईचा पदर खांद्यावरून घसरला. कुणीतरी प्लास्टिकचं स्टूल आणलं, ते त्या गुळगुळीत फरशीवर सरकलं, आणि आई ओरडली, "नको, नको, सोडा मला!" शोरूमचा फोटो काढणारा पोरगा तरीही मोबाइल खाली घेत नव्हता. मी त्याच्या हातावर चापट मारली.

आई खाली उभी राहिली. पदर सारखा केला. कुणाकडं न बघता म्हणाली, "तुम्ही जाऊन या. तिला म्हणावं, पुढल्या बारीला येते."

माझं डोकं फिरलं. त्या सगळ्या फुग्यांच्या मध्ये उभी राहून मी भावाला म्हटलं, "हिच्यासाठी घेतलीस ना? मग हिला सोडून जाऊन ये आता! काकांना बसव पहिल्यांदा, त्यांनीच सौदा जिंकलाय!" भावजय म्हणाली, "ताई, लोक बघायलेत." बघू देत. बघायलाच तर बोलावलं होतं त्यांना.

मी बाहेर जाऊन रिक्षा थांबवली. रिक्षावाला म्हातारा होता. आईला बघून त्यानं रिक्षा अगदी कडेला लावली. "आरामसे बैठो अम्मा, कुछ जल्दी नहीं." आई टेकली, वळली, एकेक पाय हातानं उचलून आत घेतला. कुणाचा हात लागला नाही.

मग शहरातून आमची ती वरात निघाली. पुढं रिक्षा. मागं हार घातलेली, रिबिन बांधलेली नवीकोरी गाडी, तिच्यात सीटवरचं प्लास्टिकही न काढता बसलेले काका आणि भावजय. भाऊ सिग्नलवर तो घुमणारा हॉर्न वाजवत होता. आई एकदाही मागं वळली नाही. पिशवी पोटाशी धरून ती पुढचा रस्ता बघत होती.

पडेगावला मावशीच्या खाटेपाशी आई पोचली तेव्हा मावशीला आधी ओळखच पटेना. मग तिनं आईचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि रडायला लागली. आईही रडली. मीही रडले. बऱ्याच वेळानं मावशीनं विचारलं, "एवढ्या लांबून कशात आली गं?"

मावशीला ऐकू जावं म्हणून आई मोठ्यानं ओरडली, घरभर ऐकू जाईल असं, "गाडीत! पोरानं नवी घेतली! माझ्यासाठी!"

"चढता आलं का तुला?"

"व्हय! लई सोपी हाय! काय तरास नाय झाला!"

भाऊ पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. मला वाटलं, आता तरी हा मान खाली घालील. तर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ऐकलंस ना ताई? उगाच तमाशा केलास तू तिथं."