नकाशातली दोन भांडी

साडी उलगडता उलगडता दुकानातल्या सुमनताईंनी बाटली उघडली, नुसते ओठ ओले केले आणि झाकण लावलं. दुपारचे दोन वाजले होते, तरी बाटली जवळपास भरलेलीच.

"एवढंच पाणी?" मी विचारलं.

"जास्त प्यायलं तर जायचं कुठं, मॅडम? बायकांचं टॉयलेट नाही इथं."

नाही कसं? या इमारतीचा नकाशा मीच काढला होता. मजल्यागणिक बायकांसाठी शौचालयाची दोन भांडी, एक बेसिन, नियमाप्रमाणे. नकाशातल्या दारावर 'स्त्रिया' हा शब्द तर किती निगुतीनं लिहिला होता! मी तरातरा गेले, दार ढकललं. भांडी होती, तपासणीपुरती बसवलेली, मोजून दोन. त्यांच्यावर साड्यांची खोकी रचलेली. बेसिनच्या नळाला पाइपच जोडला नव्हता.

रेघ ओढताना वाटतं, आता तिथं भिंत उभी राहील, पाणी वाहील. माझ्या त्याच सरळ रेघा दाखवून बिल्डरनं परवानगी मिळवली आणि मला फसवलं. आणि मी? इमारत उभी राहिल्यावर एकदाही इकडे फिरकले नव्हते.

परत आले तर सुमनताईंनी माझ्यासाठी ग्लास भरून ठेवलेला.

"प्या की," त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय, आत्ता घरी जायचंय."