लेकीचं तबक आणि माझं शहाणपण

आमची मुलगी जपानात नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी तिथल्या एका वयस्कर बाईंकडे ती लाकडावरचं कोरीवकाम शिकते. वर्षभर खपून तिनं एक तबक केलं. कडेनं पानं कोरलेली, वर तिकडच्या कुठल्याशा झाडाच्या चिकाचे थरावर थर, गडद लाल. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "माझं पहिलंच काम आहे, पप्पा. तुमच्याकडेच राहू दे."

आता आमच्या श्रीरामपूरकडे पोळपाट नवा असो की काठवट, आधी रात्रभर पाण्यात भिजवायची, मग उन्हात ठेवून तेल पाजायचं. म्हणजे तडकत नाही. एप्रिलात मला हे आठवलं. बायको म्हणाली, आधी पोरीला विचारा. मी म्हणालो, लाकूड ते लाकूड, त्यात विचारायचं काय?

तबक रात्रभर बादलीत आणि दिवसभर स्लॅबवर राहिलं. संध्याकाळी पाहतो तर चकाकी गेलेली, मधोमध चीर, आणि तबक असं वाकलेलं की वर ठेवलेली सुपारी घरंगळत जावी. ठेवून पाहिली, म्हणून सांगतो.

सुताराकडे नेलं. त्यानं पानांवरून अंगठा फिरवला. "सर, काम लई बारीक हाय. चिरेत लांबी भरून वर लाल ऑइलपेंट मारतो. पोरीला कळायचं न्हाई."

मी मान डोलावली होती. पण त्यानं डबा उघडला, तो रंग त्या पानांशेजारी दिसला, आणि मी तबक काखेत मारून घरी आलो.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तिनंच तबक दाखवायला सांगितलं. मी ते तिरकं धरलं. बायकोनं माझा हात सरळ केला.

मुलीनं तबक कॅमेऱ्याजवळ आणायला लावलं. मग तेल लावलंत का, विचारलं. थोडंसं खोबरेल, म्हणालो; बादलीचं आणि स्लॅबचंही सांगून टाकलं. तो चीक दमट हवेतच वाळतो, कडक ऊन त्याला सोसत नाही, हे तिनं मला शांतपणे समजावलं. ओरडली असती तर मलाही काही बोलता आलं असतं.

"कापडात गुंडाळून सावलीत ठेवा," ती म्हणाली. "आणि पप्पा, मी येईपर्यंत आता काही करू नका."

ती कधी येणार, हे तिलाही माहीत नाही. रोज मी कपाट उघडतो, कापड बाजूला करून चीर वाढली का बघतो.

"हात लावू नका," बायको आतून म्हणते.

"नुसतं बघतोय," मी म्हणतो.