साडभाऊंचा ‘आवाज-बिवाज’

जगात बेसूर असं काही नसतंच, असं मनापासून मानणारा आणि तरीही संसार टिकवून असलेला एकच माणूस मी पाहिला आहे. तो म्हणजे आमचे साडभाऊ. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अमरावतीत त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. वडिलांनी थाटलेलं, चौकातलं, बरं चालणारं. पण डोळ्यांवर पोट भरणाऱ्या या माणसाचा सगळा जीव कानांत. गिऱ्हाइकाचा चेहरा त्यांना आठवत नाही, मात्र त्याची चप्पल कशी वाजते हे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. एकदा भर बाजारात एका गृहस्थांना त्यांनी पाठीमागून हाक मारून थांबवलं, का तर त्यांच्या डाव्या पायाची चप्पल बदललेली ऐकू आली. गृहस्थांनी नवी चप्पल घेतलेली नव्हती. देवळातून निघताना दुसऱ्या कोणाची तरी पायात अडकवून आले होते. ते ओशाळून माघारी वळले. साडभाऊंना मात्र आपण एका परिचिताची आपुलकीनं चौकशी केली, याचं समाधान दिवसभर पुरलं.

खरेदीच्या बाबतीतही तेच. भांड्यांच्या दुकानात ते भांडं पाहत नाहीत, वाजवतात. मेहुणीला आम्ही सगळेच ताई म्हणतो. तर ताईंनी एकदा वरणासाठी पातेलं आणायला सांगितलं. साडभाऊंनी असं पातेलं आणलं, की त्यावर घरातलं एकही झाकण बसेना आणि बूड ओट्यावर टेकेना, पण टिचकी मारली की त्याचा नाद स्वयंपाकघरातून निघून देवघराला वळसा घालून परत यायचा. ताई एवढंच म्हणाल्या, “वरन कायच्यात शिजवू, नादात?” लग्नकार्यात ते पंगतीच्या टोकाला, जनरेटरला लागून असलेली जागा धरतात. लोकांना वाटतं, काय निगर्वी माणूस. आमच्या घरच्या पंख्याची त्यांनी एकदा डोळे मिटून बराच वेळ परीक्षा घेतली आणि मला बाजूला घेऊन गंभीरपणे सांगितलं, “साडभाऊ, याले तेल-बिल देऊ नका. लय वर्षांनी सुरात लागला हाय तो.” तेव्हापासून उन्हाळ्यात आमच्याकडे उतरलेला पाहुणा त्या पंख्याखाली कूस बदलत राहतो, आणि हा आवाज आम्ही राखून ठेवलेला आहे, असं मला त्याला समजावून सांगावं लागतं.

अशा माणसाच्या हाती रेडिओ लागेल असं कोणाला वाटलं नव्हतं. पण शहरातल्या एका कॉलेजनं स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र सुरू केलं. पीकसल्ला, आरोग्य, महिलांसाठी दोन शब्द, भजनी मंडळ असं सगळं ठरलं, आणि रविवार दुपारचा एक तास उरला. त्या तासाला अमरावती जेवून आडवी झालेली असते, म्हणून तो कोणी घेईना. साडभाऊंनी तो मागून घेतला. कार्यक्रमाचं नाव ठेवलं ‘आवाज-बिवाज’. त्यात प्रयोगशील संगीत वाजवलं जाईल, असं त्यांनी अर्जात लिहिलं होतं, आणि ‘प्रयोगशील’ हा शब्द कॉलेजवाल्यांना प्रयोगशाळेच्या जवळचा वाटल्यामुळे लगेच मंजुरी मिळाली.

तिथे त्यांनी काय नाही वाजवलं. एकमेकींपासून केसभर ढळलेल्या दोन पेट्या एकाच वेळी वाजवून मधल्या फटीत काय ऐकू येतं ते ऐकवलं. जिनिंगमध्ये कापसाची गठाण बांधणाऱ्या यंत्राचा आवाज मुंगीच्या चालीनं वाजवून त्यात तानपुरा सोडला. घरचा जुना फ्रिज आणि वरातीच्या बँडमधून निवृत्त झालेले एक बासरीवाले यांची जुगलबंदी लावली. त्यात फ्रिजला जास्त वेळ मिळाला म्हणून बासरीवाले पुढे बरेच दिवस बोलत नव्हते. एका रविवारी तर, “रसिकहो, यानंतर आपण दुपार ऐकणार आहोत,” असं जाहीर करून त्यांनी शटर ओढलेल्या दुकानातली नुसती दुपार लावली. केंद्राचा तंत्रज्ञ प्रक्षेपण बंद पडलं समजून हातातलं जेवण टाकून गच्चीवर धावला आणि अँटेनाला लोंबकळत राहिला.

माइकसमोर साडभाऊ घरचं वऱ्हाडी बाजूला ठेवून असं काही स्वच्छ मराठी बोलायचे, की पहिल्या रविवारी ताईंनी मोबाइलवरच्या रेडिओला कान लावून माझ्या बायकोला विचारलं, “हा मानूस कोन हाय वो? चांगला बोलते.” श्रोते किती होते हे कळायला मार्ग नव्हता. फोन कधी आला नाही. मात्र चौकापलीकडच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं एकदा त्यांना मुद्दाम बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, की तुमच्या कार्यक्रमामुळे सोमवारी माझ्याकडे गर्दी असते. लोक रेडिओ घेऊन येतात, मी नुसतं झाकण उघडून लावून देतो. साडभाऊ आनंदानं घरी आले. त्यांच्या मते एवढ्या लोकांनी कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला होता. नाहीतर रेडिओ बिघडलाय हे त्यांना कळलं कसं असतं?

बरीच वर्षं हे असं चाललं, आणि मग केंद्रावर नव्या संचालक मॅडम आल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी साडभाऊंना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अत्यंत सौम्य शब्दांत सांगितलं, की तुमचा कार्यक्रम काळाच्या पुढे आहे, तेव्हा हा तास आपण पाककृतींना देऊ. काळ तिथवर पोचला की तुम्हाला जरूर बोलावू. दुसरा कोणी असता तर समजून उठला असता. साडभाऊंनी विचारलं, साधारण किती वेळ लागेल. मॅडमनी ते बघून सांगते म्हटलं. ते बिचारे काही महिने खरंच वाट पाहत होते.

मग हळूहळू त्यांना उमगलं. तो काळ मला आठवतो. ते आमच्याकडे यायचे, त्या पंख्याखाली बसायचे आणि वर पाहायचे नाहीत. दुकानात काचा घासून द्यायचे, फ्रेमी वाकवून बसवायचे, कोणाच्या चपलेबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. ज्या ताईंनी आयुष्यभर “घरात जरा शांती ठेवत जा” म्हणून जीव खाल्ला होता, त्यांनीच एक दिवस माझ्या बायकोला फोन केला. साडभाऊ घरात आले कधी, बसले कधी, उठले कधी, काही म्हणून कळत नाही, असं त्या सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, “त्यायनं काल नवीन ताट आनलं. न वाजवता आनलं. मले भेव वाटून राह्यलं.”

मग ताईंनीच त्यांना ढोसलं, की रेडिओ नाही तर नाही, दुसरीकडे कुठे लावा, पण लावा. साडभाऊंनी एक छोटा स्पीकर घेतला आणि ‘आवाज-बिवाज’साठी घर शोधायला निघाले. सुरुवात स्वतःच्या दुकानापासून केली. पण तपासणीला बसलेला एक मास्तर म्हणाला, की तक्त्यावरची अक्षरं हलून राहिली आहेत. आवाज बंद केल्यावर ती थांबली. पुढे तिवशाला ताईंच्या चुलत्यांकडे गेले. त्यांचा झेंडूचा मळा. त्या मंडळींनी जावयाचा मान राखून बांधावर सतरंजी अंथरली आणि हात जोडून ऐकलं. झेंडूनं काही तक्रार केली नाही, पण काढणीला आलेल्या बाया घरी निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, की दादाचं पूजापाठ होऊ द्या, मग येतो. एका भजनी मंडळानंही संधी दिली, आणि पहिल्या पाच मिनिटांत भोंगा खाली उतरवून त्यात काय अडकलंय ते पाहिलं.

इथे सांगायला हवं, की दर गुरुवारी साडभाऊ बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जातात. तिथल्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात खेड्यापाड्यांतले लोक येतात, आणि ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांना चष्मे बसवून देण्याचं काम यांच्याकडे आहे. तपासणीआधी तिथे डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध टाकतात आणि चांगला तासभर डोळे मिटून बसायला सांगतात. मोठं दालन, बाकांच्या रांगा, प्रत्येकाच्या हाती कापसाचा बोळा, आणि भिंतीवर एक टीव्ही. तो टीव्ही कोणी पाहत नसे, पाहताच येत नसे. पण त्यावरच्या बातम्यांतली भांडणं सगळ्यांना ऐकावी लागत. साडभाऊ वर्षानुवर्षं त्या दालनातून ये-जा करत होते आणि आपल्याला हवं ते नेमकं इथे बसलंय, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

एका गुरुवारी टीव्ही बंद पडला. लोक चुळबुळ करू लागले, नंबर कधी येईल म्हणून ओरडू लागले. दालन सांभाळणाऱ्या सिस्टरला यांच्या पिशवीतला स्पीकर माहीत होता. त्या म्हणाल्या, “भाऊ, लावा ना काही. भजन-बिजन.” साडभाऊंनी भजन शोधलं असेल, नसेल, लावली ती फ्रिज-बासरीची जुगलबंदी. दालन गप्प झालं. बऱ्याच वेळानं पहिल्या रांगेतल्या एका धोतरवाल्या म्हाताऱ्यानं डोळे न उघडता विचारलं, की हे काय वाजून राह्यलं. साडभाऊंनी चाचरत सांगितलं, फ्रिज आहे, आणि त्याच्यासोबत बासरी आहे.

“मंग ठीक हाय,” म्हातारा म्हणाला. आणि थोड्या वेळानं म्हणाला, “फ्रिज थकेल हाय वाटते.”

साडभाऊ नंतर मला म्हणाले, की त्यांच्या आयुष्यात आलेला हा पहिला अभिप्राय, आणि पहिलाच इतका जाणकार. टीव्ही दुरुस्त होऊन आला तो तसाच खोक्यात राहिला. मोठ्या डॉक्टरांनी सुरुवातीला शंका काढली, पण सिस्टरनं सांगितलं, की लोक आता भांडत नाहीत आणि डोळे चोळत नाहीत. डॉक्टर म्हणाले, मग हरकत नाही, फक्त मध्येच पूर्ण शांतता लावू नका. लोकांना वाटतं दवाखाना बंद झाला.

मी सोबत गेलो तो अशाच एका गुरुवारी. साडभाऊ सुपरिचित गवयासारखे दालनात शिरले, टेबलावर स्पीकर मांडला, घसा खाकरला. मला वाटलं आता ‘रसिकहो’ येणार. पण ते सरळ घरच्यासारखं बोलू लागले. “आता जे वाजन ते जिनिंगातलं यंत्र हाय. भ्यासारखं काही नाही. मधात तंबोरा येईन, तो आला की सांगजा मले.” माणसं भिंतीला डोकं टेकून, कापूस डोळ्याखाली धरून ऐकत होती. तंबोरा आला तेव्हा दोघांतिघांनी हात वर केला. शेवटच्या रांगेतून एकानं आमच्या गावचं यंत्र याहून जास्त खोकते असं कळवलं, आणि साडभाऊंनी त्याच्या गावाचं नाव आदरानं विचारून घेतलं. रेडिओवर इतकी वर्षं ऐकलेला तो स्वच्छ, इस्त्रीचा आवाज कुठल्या कुठे गेला होता, आणि मला वाटून गेलं, की हा माणूस आत्ता कुठे कार्यक्रम करू लागला आहे.

खिडकीजवळच्या बाकावर हिरव्या लुगड्यातल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या हाती कापूस नव्हता. सिस्टरनं आम्हाला हळूच सांगितलं, की त्या पातूरकडच्या आहेत, आणि त्यांच्या डोळ्यांची नस सुकली आहे. आता काही होण्यासारखं नाही, हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं. पण सून गुरुवारी भाजी घेऊन अकोल्याच्या बाजारात येते, तेव्हा त्या सुनेला इथेच उतरवून द्यायला लावतात. त्यांचा नंबर नसतो. कोणी त्यांना उठवत नाही.

साडभाऊंना हे तोवर ठाऊक नव्हतं. यंत्र संपलं तसे ते आजींच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी विचारलं, “आजी, दवाई नाही टाकाची, मंग कावून येता इतल्या दूर?”

आजींनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. “घरी समदे पाह्यतात, बाप्पा. मी एकलीच बसतो. इथं समदेच डोये मिटून बसते.” मग पदर सारखा करून म्हणाल्या, “लाव आता काही. पन लवकर सरन असं नोको लावू.”

साडभाऊ उठले. खिशातल्या मोबाइलवर ते बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. प्रत्येक आवाजाची ओळख करून देणाऱ्या या माणसानं त्यावेळी काहीच सांगितलं नाही, नुसतं लावलं, आणि ते परत येऊन त्या बाकावर बसले. वाजत होतं ते तारेवरचं होतं की पाण्यातलं, मला कळलं नाही. सिस्टर नाव पुकारत होत्या, माणूस हात पुढे करून उठत होता, त्याच्या जागी दुसरा येऊन डोळे मिटत होता, आणि ते संथपणे चालूच होतं. आमची परतीची गाडी निघायची वेळ झाली तेव्हा मी साडभाऊंकडे पाहिलं. त्यांना घड्याळ दिसत होतं, मलाही दिसत होतं. अजून चालू ठेवायचं का, हे आजींना विचारायचं कारण नव्हतं. आम्ही बसून राहिलो.