पट्ट्याचा हेलकावा

ज्योतीराम परभणीकडचा. १९५७ साली चिंचवडच्या एका कारखान्यात तो तेलाचं इंजिन चालवायचा. इंजिनाचं चाक आणि पलीकडची यंत्रं यांच्यात वीस हात लांब चामडी पट्टा फिरे. पट्ट्याखाली आठ बाया माल निवडत बसत.

मोठी ऑर्डर आली तशी मॅनेजर बबनरावांनी वेग वाढवायला सांगितला. ज्योतीरामने शनिवारी थोडा वेळ वाढवून पाहिला. पट्टा एरवीही हेलकावे घ्यायचा, पण ते विरून जायचे. आज विरेनात. इंजिनाचे दोन धक्के, पट्ट्याचा एक हेलकावा. आणि प्रत्येक आधीच्याहून मोठा. त्याने घाईने इंजिन बंद केलं.

रविवारी तो तळेगावला नानासाहेबांकडे गेला. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले नानासाहेब त्याला हौसेने गणित शिकवत. शनिवारच्या हेलकाव्यांची त्याने टिपून आणलेली मापं पाहून त्यांनी कागद-पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली.

"धक्क्यागणिक पट्ट्याचा ताण बदलतो," ते म्हणाले. "एका हेलकाव्यात झोका किती पट होतो, तेवढंच काढ. एकाहून कमी, तर विरतो. जास्त, तर वाढतच जातो."

"एक पूर्णांक एक दशांश येतोय."

"मग वीस हेलकाव्यांत जवळजवळ सातपट. पुढे पट्टाच उरणार नाही."

सोमवारी ज्योतीरामने हे सांगितलं, तेव्हा बबनराव हसले. "शनिवारी टिकला ना? दिवसभर टिकंल. तुला जमत नसंल तर दुसऱ्याला बसवतो."

दुसऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ज्योतीरामने आधी बायांना बाहेर काढलं, मगच वेग वाढवला. त्याने पंचवीस हेलकावे मोजले. इंजिन बंद करायला त्याचा हात पुढे जातोय तोच पट्टा तुटला. बाया बसायच्या त्या फळ्या फोडून त्याचं टोक ज्योतीरामच्या खांद्यावर आदळलं.

तिसऱ्या दिवशी त्या बायांतली छबूबाई दवाखान्यात ज्योतीरामला भेटायला आली.

"नवा पट्टा आलाय, ताठ हाय. वेग त्योच हाय."

"हेलकावतो?"

"थोडा थोडा. उद्या आमाला परत तितंच बसायला सांगितलंय."

सकाळी ज्योतीराम हात गळ्यात बांधून कारखान्याच्या फाटकात उभा राहिला. आठ जणींपैकी एकही आत गेली नाही. दुपारी बबनरावांनी वेग उतरवला आणि ज्योतीरामला कामावरून काढलं.

"चामडं ओढलं जाऊन सैल पडतं," जाताना त्याने छबूबाईला बजावलं. "सैल पट्टा संथ हेलकावतो, मग आजचा कमी वेगही त्याच्याशी जुळून धोक्याचा होईल. हेलकावा वाढताना दिसला की कुणाला विचारू नका, उठून बाहेर या."

आतून इंजिनाचे धक्के ऐकू येत होते. छबूबाई ते मोजत तिथेच उभी राहिली.