सईचा वर्ग, ट्रस्टींच्या मुलाचा सत्कार

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाहीये.

माझी बारावीतली मुलगी सई आठवीपासून दर रविवारी जवळच्या चांदीप गावातल्या मुलांना गणित शिकवते. आज तिच्या शाळेत ट्रस्टींच्या मुलाचा सत्कार होता. त्याला परदेशातल्या नामवंत विद्यापीठात प्रवेश मिळालाय.

मुख्याध्यापिका माइकवर म्हणाल्या, "चांदीपचा गणिताचा वर्ग यानेच सुरू केला!"

तो तिथे एकदाच आला होता, फोटो काढायला. सईनेच हौसेने नेलं होतं, वर्गमित्र म्हणून.

कार्यक्रमानंतर मी बाईंना गाठलं. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, त्याच्या प्रवेशाच्या शिफारसपत्रात समाजकार्य म्हणून काहीतरी लिहावं लागतंच. सईला कुठे परदेशी जायचंय?"

रिक्षात सई एवढंच बोलली, "आई, तूच म्हणायचीस ना, आपलं काम बोलतं?"

तुम्ही काय सांगितलं असतं?