क्लिक करणाऱ्यांची हजेरीवही

तुमच्यापैकी कुणी ब्लॉगसाठी देवीला गाऱ्हाणं घातलंय का हो? नाही ना? मी घातलंय. नारळ-विडा ठेवून, अख्ख्या वाडीला देवळात उभं करून घातलंय. हसा, खुशाल हसा! फक्त तोंडातला चहा आधी गिळा. कारण गाऱ्हाणं हा या सगळ्यातला त्यातल्या त्यात शहाणपणा होता. माझी अक्कल तर पुढे पाजळायची आहे.

कसालला एका हॉलमध्ये शिबिर होतं, 'घरबसल्या ब्लॉगमधून कमवा'. आमच्या बचत गटाची मी सचिव. दहावी पास आणि अक्षर बरं, एवढ्यावर मला हे पद मिळालंय. गटातर्फे मी गेले. शिकवणारे सर भर वैशाखात कोट घालून आले होते. तेव्हाच खरं तर उठून यायला हवं होतं!

सर म्हणाले, "ताईंनो, तुम्ही झोपलेल्या असाल आणि तुमच्या खात्यात पैसे येत राहतील."

समोर आम्ही पंचवीस बायका. त्यातली एकही उभ्या जन्मात दुपारी सलग अर्धा तास झोपलेली नव्हती. आम्हाला पैशांपेक्षा त्या झोपेचीच भुरळ पडली. सरांना त्यांच्या ब्लॉगमधून किती मिळतात, हे कुणी विचारलं नाही. विचारणार कशाला? त्यांची कमाई फी भरून समोर खुर्च्यांवरच बसली होती.

मला पैशांची हाव नाही हो. घरचं भात आहे, थोडी आंब्याची कलमं आहेत. हे, म्हणजे आमचे मालक, हाताने सढळ आहेत. पण लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी माहेरी जाताना खाऊ न्यायचा तर मी यांच्यापुढे उभी राहते. हे देतात, पण देताना "कित्याक?", म्हणजे कशाला, असं विचारतात. एकदा तरी, एकदाच, माझ्या नावावर माझे पैसे यावेत, एवढंच मला हवं होतं.

आमची मानसी पुण्याला नोकरी करते. तिने फोनवरून सांगून सांगून ब्लॉग काढून दिला. सर म्हणाले होते, जे येतं ते लिहा. मला काय येतं? मासे! बाजारात कुणी शिळा बांगडा माझ्या गळ्यात मारून दाखवावा. तेव्हा कल्ले कसे बघायचे, सुरमई कापायला लावायच्या आधी काय बोलायचं, कोलंबीच्या वाट्यात तळाला काय असतं, असं सगळं लिहायला लागले. पहिले दोन महिने वाचक चार. मी, मानसी, मानसीची मैत्रीण आणि यांच्या मोबाईलवरून पुन्हा मी.

मग मानसीने जाहिराती देणाऱ्या एका परदेशी कंपनीत माझं खातं उघडून दिलं आणि एक दिवस माझ्या बांगड्याखाली जाहिराती यायला लागल्या. कॅनडाला चला. टकलावर केस उगवा. गुडघे बदला. बांगड्याचा आणि गुडघ्याचा संबंध काय, ते त्या कंपनीलाच ठाऊक!

मानसी फोनवर म्हणाली, "आई, वाचणाऱ्याने जाहिरातीवर क्लिक केलं की तुला थोडे पैसे मिळतात. शंभर डॉलर झाले की बँकेत येतात. पण तू स्वतः क्लिक करायचं नाही हं. ते चालत नाही."

आता मला सांगा, मी केलं का? देवाशपथ, एकदाही नाही. मुलीने सांगितलं ते तंतोतंत पाळलं. म्हणून तर वाडीला सांगितलं!

आमच्याकडे पद्धतच आहे. कुणी नवीन दुकान उघडलं की पहिल्या दिवशी घरटी एक माणूस काहीतरी विकत आणतो. काडेपेटी का होईना, पण रिकाम्या हाती परतायचं नाही. मग माझ्या दुकानाला वाडीने हातभार लावला तर वाईट काय? मी आधी सुलूवैनींना विचारलं. सुलूवैनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. अंगण एक, चुली दोन.

"नुसता बोट दाबूचा?" त्यांनी डोळे बारीक केले.

"होय."

"आणि पैशे?"

"येतले."

"मगे इतके दिवस गप कित्याक रवलंस गो? आणि आमका त्यातला काय?"

मी उत्साहाच्या भरात बोलून गेले, "पयले पैशे इले काय अख्ख्या वाडीक वडे-सागोती!"

झालं. कोंबडीचं नाव काढलं की आमच्या वाडीत बातमी पोचवायला मोबाईल लागत नाही. संध्याकाळी तात्या स्वतः दारात. तात्या म्हणजे वाडीतर्फे देवीला गाऱ्हाणं घालणारे. ते म्हणाले, एवढं मोठं काम देवीच्या कानावर घातल्याशिवाय सुरू करायचं नाही. आणि देवीला सांगायचं तर आधी त्यांना समजायला हवं.

"ह्यो बलॉग म्हणजे काय वैनीनू? होडी काय बागायत?"

"लिखाण, तात्यानू. माशांचा."

"आणि बोट दाबल्यार पैशे कोण देता?"

"कंपनी."

"खंयची?"

"परदेशातली."

तात्या गंभीर झाले. "मगे आपल्या देवीचा थंयसर चलता काय, ता बघूक होया."

शेवटी, देवी आपल्या हद्दीत बोटं दाबून घेईल आणि पुढचं तिकडचा देव बघेल, असं ठरलं. सोमवारी सकाळी वाडी देवळात जमली. तात्यांनी हात जोडले.

"गे आई, बारा-पाचाच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकरान माशांचा लिखाण मोबाईलार घातल्यान हा. तेच्या खाली जी काय पाटी येतली, तेच्यार वाडीतल्या लहानथोरान रोज बोट दाबूक होया!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणी कंटाळो केल्यान, कोणी बोट दाबल्यासारख्या केल्यान, तर तेका तू बघून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि पैशे इले काय हिणा वाडीक वडे-सागोती घालूक होयी!"

यावरचा "व्हय म्हाराजा" एवढा मोठा निघाला की कौलांवरची कबुतरं उडाली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, रांग. वायफाय आमच्याकडेच ना! आणि मी सचिव. माझ्याच्याने वहीशिवाय काही होत नाही. शंभर पानी वही घेतली, रेघा मारल्या. नाव, वेळ, कोणती जाहिरात, सही. बचत गटाची हजेरी घेते तशी मी दारात बसून क्लिकची हजेरी घ्यायला लागले.

"सुलूवैनी, आज खंयची दाबलास?"

"कॅनडा."

"काल पण कॅनडाच होता!"

"माका ती आवडता. बर्फ किती पांढरो आसा बघ!"

त्यांनी नुसतं दाबलं नाही, आत जाऊन नंबरसुद्धा भरला. आठवड्याभरात फोन. एक गोड आवाजाची मुलगी विचारते, "मॅडम, आपलं शिक्षण?"

"तिसरी."

"आणि कॅनडात कुठल्या क्षेत्रात काम करायला आवडेल?"

"थंय बांगडे गावतत काय, ता आधी सांग."

तिकडे तात्यांच्या वाट्याला रोज केसांचीच जाहिरात. चौथ्या दिवशी ते भडकले. "मुद्दाम माकाच दाखयता ही! ह्येका माझा टक्कल खंयसून दिसला?" तरीपण दाबायचे हो. शब्द दिला होता ना देवीला!

आणि आकडा वाढायला लागला! वीस. चाळीस. सत्तर. यांनी आधी माझी भरपूर थट्टा केली होती. "डॉलरीनबाय" अशी हाक मारायचे. पण सत्तरला यांनी मला विचारलं, "चाय घेतंस?" आणि स्वतः करून आणला. साखर जास्त होती, पण सव्वीस वर्षांतला पहिला चहा, मी नावं ठेवली नाहीत. शहाण्णव झाले तेव्हा तात्यांनी जेवणाचा रविवारही जाहीर करून टाकला.

त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. तुमच्या जाहिरातींवरचे क्लिक खरे वाटत नाहीत, खातं तूर्त थांबवलं आहे, काही म्हणणं असल्यास कळवा.

खरे वाटत नाहीत? मला रडूच कोसळलं. मी चौकशी केली तेव्हा कळलं की काही लबाड लोक यंत्र लावून खोटे क्लिक करून घेतात. अस्सं! म्हणजे यांना वाटलं, मी यंत्र लावलं! माझ्या वाडीतल्या जित्याजागत्या माणसांना ही कंपनी यंत्र म्हणते?

मग मी पुराव्यानिशी उत्तर लिहिलं. मानसीला विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं, पैसे आले की एकदमच सांगू. ते उत्तर मला तोंडपाठ आहे. ऐकाच.

"माननीय साहेब, स. न. वि. वि. आपला गैरसमज झाला आहे. माझ्या ब्लॉगवरचा एकही क्लिक यंत्राचा नाही. क्लिक करणाऱ्या सर्व व्यक्ती माझ्या नात्यातील व शेजारच्या असून मी त्यांना अनेक वर्षे ओळखते. त्या रोज सकाळी सात ते आठ या वेळेत माझ्या घरी येऊन, माझ्या देखरेखीखाली क्लिक करतात. कुणीही जाहिरातीतील वस्तू घेण्याच्या मोहाने क्लिक केलेले नाही, केवळ माझ्या भल्यासाठी केले आहे. देवीसमोर शब्द दिलेला असल्याने खाडा होत नाही. सोबत हजेरीवहीच्या सर्व पानांचे फोटो जोडले आहेत. कृपया खात्री करून घ्यावी."

खाली माझी सही. साक्षीदार म्हणून तात्यांची. सुलूवैनी म्हणाल्या, "रेशनकार्ड पण जोड, म्हणजे तोंडच बंद." तेवढं मात्र मी जोडलं नाही. अक्कल थोडी शिल्लक होती.

पत्र वाचून हे म्हणाले, "लिवलंस झकास. आता हे गप रवतले."

गप राहिलेच! दोनच दिवसांत दोन ओळींचं उत्तर. खातं कायमचं बंद. जमलेले पैसे जाहिरातवाल्यांना परत.

मी मानसीला फोन लावला, सगळं वाचून दाखवलं.  ती एकदम फुटलीच. हसते की रडते, कळेना.

"आई गं! म्हणजे तू त्यांना हजेरीवही पाठवलीस?"

"सगळी पानं. स्पष्ट फोटो काढून."

"अगं, चोराने चोरीचा माल, वेळ आणि साथीदारांच्या सह्या पोलिसांना नेऊन द्याव्यात, तसं केलंस तू!"

"चोर कुठली? मी एकदाही बोट लावलं नाही!"

तेव्हा तिने नीट सांगितलं. जाहिरात देणारा प्रत्येक क्लिकचे पैसे मोजतो, कारण त्याला वाटतं की गिऱ्हाईक आलं. आपल्या माणसांकडून दाबून घेणं म्हणजे त्या दुकानदाराला फसवणंच. मी ऐकत राहिले. बांगड्याचे कल्ले उचलून पाहणारी मी! शिळा मासा विकणारीला भर बाजारात चार शब्द सुनावणारी मी! आणि मी स्वतः काय विकत होते? तात्यांचं बोट! म्हणे, ह्याला केस हवे आहेत!

शिबिरातल्या सरांना फोन केला. ते म्हणाले, ताई, आता मी ब्लॉगचं काही बघत नाही, शेळीपालनाची शिबिरं घेतो, तुमचं नाव लिहू का? म्हणजे आमच्यात कमाईची खरी वाट त्यांना एकट्यांनाच सापडलेली!

राहता राहिली वाडी. शनिवारी सकाळी सातला रांग लागली तेव्हा मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. खातं बंद, पैसे गेले, चूक माझी. वाटलं, एखादी तरी म्हणेल, "जावंदे गो, तू रडा नको."

तात्यांनी खाकरून घसा साफ केला. "वैनीनू, वाईट झाला. पण ह्यां बघा. देवीन आपला काम केल्यान. वाडीन आपला काम केल्यान. खाडो झालो काय एक तरी?"

"नाय, तात्यानू."

"वही तुमीच लिवलात."

"होय."

"मगे उद्याची सागोती खंय अडली?"

"अवो, पण पैशे इलेच नायत!" मी अगदी काकुळतीला आले.

सुलूवैनी कमरेवर हात ठेवून पुढे झाल्या. "तुझे पैशे नाय इले, त्यात आमच्या बोटांचो काय दोष? माका अजून त्या कॅनडावाल्या चेडवाचे फोन येतत! रोज इचारता, मावशी कधी येतलात!"

मी यांच्याकडे पाहिलं. हे खांबाला टेकून उभे.  मिशीतल्या मिशीत हसत होते.

देवीसमोर दिलेला शब्द. मोडायचा कसा? मी म्हटलं, "उद्या दुपारी सगळ्यांनी जेवक येवा."

रांग मोडली. जाता जाता तात्यांनी सवयीने वही मागितली आणि सही करून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांच्याकडून सात कोंबड्यांचे पैसे मागून घेतले आणि माझ्या पहिल्या कमाईच्या जेवणाच्या तयारीला लागले.